अण्णांचा लॅपटॉप, अर्धवट गेलेला अँटीव्हायरस आणि मुका झालेला कीबोर्ड

गेल्या महिन्यात दोन दिवस सासुरवाडीला उंब्रजला गेलो होतो. खरं तर आराम करायचा होता, पण पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो म्हटल्यावर सासुरवाडीत आराम कुठला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या एवढंच माझं काम, पण गावाकडे कॉम्प्युटरवाला म्हणजे त्याला प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आलंच पाहिजे. चहा संपायच्या आत अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लॅपटॉप आणून पुढ्यात ठेवला. "पाव्हणं, ह्यो रोज सकाळी कायतरी इंग्रजीत बोंबलतोय, जरा बघा."

अण्णांचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. लॅपटॉपवर टॅली चालतं आणि महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, बाकी काही नाही. विंडोज १० आहे, बॅटरी कधीच मेलीये त्यामुळे लॅपटॉप म्हणजे नावालाच, वायर काढली की बंद. ही बॅटरीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालू केला तर दोन मिनिटांनी चौकट आली. अमुक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा तुकडा, सुरू करताना प्रॉब्लेम आला, 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबलं तर दुसरी, तसलीच. तीपण ओके. अण्णा गेले चार महिने रोज सकाळी उदबत्ती लावल्यावर दोनदा ओके दाबत होते, त्यांना तो पूजेचाच भाग वाटायला लागला असणार. शिवाय विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, बंद होता आणि सांगत होता की तुमच्याकडे दुसरा अँटीव्हायरस चालू आहे, मला कामाला लावू नका. आणि चालू तर काहीच नव्हतं! वर जीएसटीची साइट कधी उघडायची कधी नाही, आणि २० तारीख तीन दिवसांवर होती, थ्री-बी, म्हणजे तेच महिन्याचं रिटर्न, भरायचं बाकी.

मेव्हण्याला विचारलं तेव्हा इतिहास कळला. लॅपटॉपसोबत एक अँटीव्हायरस फुकट आला होता, काही दिवसांचा ट्रायल. तो संपल्यावर दुकानदारानं दुसरा डब्यातला विकत दिला, पण पहिला काढलाच नाही. मग लॅपटॉप बैलगाडीसारखा चालायला लागला म्हणून मेव्हण्यानं कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पहिला काढायला घेतला, हिरवी पट्टी बरीच पुढं गेली होती आणि लाईट गेली. बॅटरी मेलेली, लॅपटॉप जागच्या जागी बंद. परत चालू केल्यावर यादीत त्याचं नाव दिसेना म्हणून ह्याला वाटलं गेला. मग दुसऱ्याचीही मुदत संपली, तोही काढला, शेवटी त्यानं विचारलं की आत्ता रिस्टार्ट करू का नंतर, तर ह्यानं दाबलं नंतर. आणि अण्णा लॅपटॉप रिस्टार्ट कधीच करत नाहीत, शटडाऊन करून झाकण पाडतात.

आता ह्यात गंमत अशी आहे की ज्या फायली चालू असतात त्या अनइन्स्टॉलरला लगेच पुसता येत नाहीत, तो विंडोजला चिठ्ठी लिहून ठेवतो की पुढच्या वेळी सुरू होताना ह्या पूस. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा आतला गाभा खरा बंद होत नाही, झोपवून डिस्कवर ठेवतात आणि सकाळी तसाच उठवतात. त्यामुळे रोज शटडाऊन करणाऱ्या माणसाकडे ती चिठ्ठी पडूनच राहते. रिस्टार्ट केलं तरच गाभा नव्यानं सुरू होतो. मला हे माहीत होतं, पण एखाद्याच्या घरात त्याचा असा परिणाम बघितला नव्हता.

"दाजी, मी एक रजिस्ट्री क्लीनर पण टाकलाय," मेव्हणा म्हणाला, अगदी कौतुकानं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सगळ्या नोंदींची वही, तिच्यात हे क्लीनर खाडाखोड करतात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. असल्या क्लीनरना आमचा पाठिंबा नाही असं खुद्द मायक्रोसॉफ्टनंच सांगून ठेवलंय. तो आधी काढला, हा तरी सरळ गेला बिचारा.

इथपर्यंत मी शहाणा होतो, खरी चूक रात्री केली.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि लपलेल्या प्रोग्रॅमडेटामध्ये पहिल्या अँटीव्हायरसचे फोल्डर तसेच होते, आणि सिस्टिम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये त्याच कंपनीच्या पाच .सिस फायली, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजच्या गाभ्यात बसून काम करणारे छोटे प्रोग्रॅम. मी म्हटलं ही सगळी अडगळ, काढून टाकू. पुसायला गेलो तर परवानगी नाही. सेफ मोडमध्ये गेलो, तिथं बऱ्याच फायली गेल्या पण एक ड्रायव्हर म्हणाला मी वापरात आहे. इथं खरं तर डोकं खाजवायला हवं होतं. सेफ मोडमध्ये, जिथं अगदी गरजेपुरतंच सुरू असतं, तिथं ह्या मेलेल्या अँटीव्हायरसचा ड्रायव्हर कशाला लागतोय? पण रात्रीचे साडेअकरा, आणि शेजारी मेव्हणा बसून बघतोय, त्यामुळे दाजींना माघार घेता येईना. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं, ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडला, तिथं मुख्य विंडोज चालूच नसतं म्हणून कुठलीही फाइल अडवत नाही. पुसली. बंद केला. झोपलो. झोप पण चांगली लागली.

सकाळी सात वाजता सासूबाईंनी उठवलं. "अहो, ते खाली बोलवायलेत, लॅपटॉपचं बटणच उठंना म्हणून."

खाली गेलो. लॅपटॉप चालू, पिन मागतोय, आणि एकही बटण चालत नाही. एंटर नाही, आकडे नाहीत, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. माउस मात्र मजेत फिरतोय. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. बायको मागून म्हणाली, रात्री काय केलंस रे?

मेव्हणा दुकानातून यूएसबी कीबोर्ड घेऊन आला, साडेचारशेचा. तोही चालेना. त्यानं मग कराडला एका दुकानात फोन लावला, तिकडून न बघताच निदान आलं की कीबोर्ड गेला, बदलायला लागेल, बावीसशे होतील. आता लॅपटॉपचा कीबोर्ड आणि आत्ता खोक्यातून काढलेला नवा कीबोर्ड एकाच रात्रीत कसे जातील? मी बंद करून परत चालू केला आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरलो. तिथं बाणाची बटणं झकास चालत होती. म्हणजे बटणं धडधाकट, विंडोजच त्यांचं ऐकत नव्हतं. बावीसशे वाचले तिथंच.

आता आत कसं शिरायचं. लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात जे चिन्ह असतं, ज्याच्याकडे आपण जन्मात बघत नाही, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो. तो उघडला आणि माउसनं एक एक आकडा टिचकी मारत पिन टाकला. मेव्हणा म्हणतो, दाजी, हे म्हणजे एटीएमसारखं झालं.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला. कीबोर्डच्या खाली दोन नावं, दोन्हीवर पिवळा त्रिकोण, कोड ३९. म्हणजे ह्या उपकरणाचा ड्रायव्हर लोड होत नाहीये, बिघडलाय किंवा सापडतच नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात रात्रीची ती हट्टी फाइल आली.

काय झालं होतं ते सांगतो, कारण हा माझ्या लेखाचा गाभा आहे. बरेच अँटीव्हायरस कीबोर्ड आणि विंडोज ह्यांच्या मध्ये आपला एक छोटा ड्रायव्हर बसवतात, कोणी चोरटा प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड टाइप होताना वाचू नये म्हणून. हेतू चांगला. त्यासाठी रजिस्ट्रीत कीबोर्डच्या कप्प्यात अप्परफिल्टर्स नावाची एक नोंद असते, तिथं तो आपलं नाव लिहितो. विंडोज सुरू होताना ती यादी वाचतं आणि यादीतल्या प्रत्येकाला हाक मारतं. एकानं जरी ओ दिली नाही तरी अख्खं उपकरण बंद. एक कीबोर्ड नाही, कीबोर्ड ह्या जातीतलं सगळंच, म्हणून नवा यूएसबीवालाही मुका. आधी जोवर ती फाइल होती तोवर ती निमूट ओ देत होती आणि सगळं चालत होतं. मी फाइल उडवली आणि नाव तसंच ठेवलं.

अण्णांना हे मी सातबाऱ्यावर समजावलं. म्हटलं, अण्णा, माणूस गेला पण सातबाऱ्यावर नाव तसंच राहिलं, वारस नोंद नाही, फेरफार नाही, तर काय होतं? "काय व्हतंय, समदं अडतंय. त्याची सही आणा म्हणत्यात." तसंच. विंडोज त्या मेलेल्याची सही मागतंय, आणि त्याला काल रात्री मीच पोचवून आलोय. ह्यावर मात्र अण्णा हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

मग ऑन-स्क्रीन कीबोर्डनंच रेगएडिट, म्हणजे रजिस्ट्री उघडायचं साधन, टाइप करून उघडलं. एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि तिथं आकड्या-अक्षरांच्या लांबलचक नावांचे पन्नासएक कप्पे, त्यातला ४डी३६ई९६बी ने सुरू होणारा कीबोर्डचा. (बी च्या जागी एफ असेल तर तो माउसचा, तिथं चुकून हात घातला तर उरलासुरला माउसही जाईल, मग बसा.) कप्प्यावर राईट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करून ठेवला. अप्परफिल्टर्सवर डबल क्लिक केलं तर आत दोन ओळी होत्या. एक त्या कंपनीच्या ड्रायव्हरचं नाव, दुसरी केबीडीक्लास. ही दुसरी विंडोजची स्वतःची, तिला हात लावायचा नाही. नेटवर बऱ्याच ठिकाणी सरसकट अप्परफिल्टर्स डिलीट करा असं लिहिलेलं सापडेल, ते सीडी ड्राइव्हसाठी ठीक आहे, कीबोर्डला तेच केलं तर केबीडीक्लासही जातं आणि कीबोर्ड परत मुकाच. फक्त पहिली ओळ काढली, ओके, रिस्टार्ट.

कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला. मेव्हण्यानं शिट्टी मारली.

त्यानंतर मात्र शहाण्यासारखं केलं. दुपारी जेवण झाल्यावर निवांत बसलो. सिस्टिम प्रोटेक्शन बंदच होतं, ते चालू करून एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर परत यायची खूण, केला, जो मी आदल्या रात्रीच करायला हवा होता. मग दोन्ही कंपन्यांच्या साइटवरून त्यांचं स्वतःचं रिमूव्हल टूल उतरवलं. हे लोकांना माहीतच नसतं, पण जवळपास प्रत्येक मोठी अँटीव्हायरस कंपनी असं वेगळं टूल फुकट देते, का तर नेहमीच्या अनइन्स्टॉलनं आपला माल पूर्ण निघत नाही हे त्यांनाच ठाऊक आहे. ज्या कंपनीचा माल तिचंच टूल. शक्यतो सेफ मोडमध्ये चालवायचं. (नेहमीचा अनइन्स्टॉल सेफ मोडमध्ये बऱ्याचदा चालत नाही कारण विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस तिथं बंद असते, त्यामुळे तिथं अडकलात तर घाबरू नका.) आणि टूलही अर्धवट अडलं तर तोच अँटीव्हायरस परत इन्स्टॉल करून मग नीट काढायचा, उलटं वाटतं पण चालतं, कारण हरवलेल्या फायली जागेवर आल्या की अनइन्स्टॉलरला वाट सापडते. पहिल्याला मला हेच करावं लागलं, कारण त्याचे निम्मे अवयव मीच उडवले होते. इन्स्टॉल, रिस्टार्ट, अनइन्स्टॉल, रिस्टार्ट, मग टूल, मग परत रिस्टार्ट. प्रत्येक वेळी रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. लाईट जाऊ नये म्हणून लॅपटॉपची वायर दुकानातल्या इन्व्हर्टरला लावली.

त्या सकाळच्या चौकटींसाठी ऑटोरन्स वापरलं. सिसइंटर्नल्सचं आहे, मार्क रुसिनोविच ह्या माणसाचं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं. विंडोजबरोबर काय काय सुरू होतं त्याची सगळी कुंडली ते मांडतं आणि ज्या नोंदीची फाइलच जागेवर नाही ती ओळ पिवळी दाखवतं. अण्णांच्या लॅपटॉपवर अशा सात पिवळ्या ओळी होत्या, त्यात दोन टास्क शेड्युलरमधल्या, त्याच ह्या चौकटी. मी लगेच डिलीट केलं नाही, आधी फक्त समोरची टिक काढली, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं, मग पुसलं. एका रात्रीत माणूस किती सुधारतो बघा.

डिफेंडर का रुसला होता तेही कळलं. विंडोजकडे अँटीव्हायरसचं एक हजेरीपुस्तक असतं, पॉवरशेलमध्ये (हीही आज्ञा द्यायची खिडकीच) रूट-सिक्युरिटीसेंटर२ मधून अँटीव्हायरसप्रॉडक्ट विचारलं की दिसतं. तिथं डिफेंडर धरून तीन नावं होती, दोन मयत. दुसरा कोणी हजर आहे असं दिसलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, कारण दोन अँटीव्हायरस एकाच फाइलवर तुटून पडले तर मशिन गुदमरतं. टूलनं ती नावं गेली आणि डिफेंडर स्वतःच जागा झाला, मला काही करावं लागलं नाही.

जीएसटीच्या साइटचं दुखणं वेगळ्याच जागी होतं. नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जी टिकमार्कची यादी असते त्यात दुसऱ्या कंपनीचा फिल्टर अजून बसलेला, टूललाही सापडला नव्हता. त्यावर क्लिक करून खालचं अनइन्स्टॉल दाबलं, मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश विनसॉक रिसेट' (नेटच्या जोडणीच्या सेटिंग मूळपदावर आणणारी आज्ञा), रिस्टार्ट, झालं. शेवटी 'एफएलटीएमसी' कमांड देऊन बघितलं, त्यात फायलींच्या वाटेवर कोण कोण पहारेकरी बसलेत ते दिसतं, प्रत्येकापुढे उंचीचा आकडा असतो आणि अँटीव्हायरसवाल्यांना ३२०००० ते ३२९९९९ हा पट्टा दिलेला आहे. त्या पट्ट्यात आता एकटा डब्ल्यूडीफिल्टर, ३२८०१०. म्हणजे डिफेंडर.

चहाच्या वेळी अण्णांनी विचारलं, एवढं आत खोलवर शिरायला ह्यांना देतात कशाला? प्रश्न रास्त आहे. व्हायरस आत खोलवर जातो म्हणून पहारेकरीही तिथं लागतो, पण मग पहारेकरी अडखळला की घरच पडतं. त्यांना १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली, क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली होती, आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. तिथला उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक .सिस फाइल पुसणं. तिथं फाइल पुसून मशिनं उठली, इथं मी फाइल पुसून मशिन पाडलं. फरक एवढाच की त्या फाइलचं नाव लिहून कोणी वाट बघत बसलं नव्हतं.

"आन् आपल्या रहिमतपूरच्या पोरांचा हाय की अँटीव्हायरस," अण्णा मधेच म्हणाले. क्विक हीलचे काटकर बंधू. रहिमतपूर उंब्रजपासून फार लांब नाही, आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून पुण्यात एवढी कंपनी उभी केली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आणली, ह्याचा ह्या बाजूच्या लोकांना स्वतःच्या घरचं असल्यासारखा अभिमान आहे. मी म्हटलं, अण्णा, ह्या भानगडीत त्यांचा काही संबंध नाही, तुमच्या मशिनवर ते कधी नव्हतंच. "तेच म्हणतोय मी. आपलं सोडून दुसऱ्याचं घ्याया कुणी सांगितलं हुतं?" मेव्हणा मोबाइलमध्ये बघत बसला.

थ्री-बी त्याच संध्याकाळी भरलं. साडेचारशेचा कीबोर्ड परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, म्हणून तो आता लॅपटॉपलाच लावलाय, अण्णांना मोठी बटणं आवडली. रात्री निघताना त्यांनी विचारलं, गेलं का समदं? मी खरं ते सांगितलं, प्रोग्रॅमडेटामध्ये एक रिकामा फोल्डर राहिलाय, परवानगी देत नाही, पण आता त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. हवं तर काढतो.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा घाईघाईनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेत म्हणाले, "काय खातंय का पितंय."